पडलेला दुधाचा दात लॉकरमध्ये नको

2024मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात नवा दात उगवण्यासाठीच्या एका औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. किमान एक दात गमावलेले, 30 ते 64 वयाचे 30 पुरुष त्यासाठी घ्यायचे ठरले. दंतशल्यचिकित्सक कात्सु ताकाहाशी आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं यूसॅग-1 नावाच्या एका प्रथिनाच्या मागे होते. दाताचा अंकुर वाढू नये म्हणून हे प्रथिन आडवं येतं. ज्या उंदरांमध्ये ते तयारच होत नाही त्यांना जादा दात येतात, हे 2007मध्ये दिसलं. 2021मध्ये या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) टोचून उंदरांत आणि फेरेट या मुंगसासारख्या छोट्या प्राण्यात दात उगवल्याचं त्यांनी दाखवलं. फेरेटला माणसासारखेच दुधाचे आणि कायमचे असे दातांचे दोन संच असतात, म्हणून त्या प्रयोगाला वजन आलं. औषध 2030च्या आसपास वापरात यावं, असं या मंडळींचं उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे ही बातमी ‘आता कवळीची गरज संपणार’ अशा थाटात फिरली. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात औषध माणसाला झेपतं का, एवढंच बघतात. पुढचा टप्पा आहे तो जन्मतःच अनेक दात नसलेल्या लहान मुलांसाठी. किडीने किंवा हिरड्यांच्या आजाराने गेलेली साठीतली दाढ परत आणण्याचा प्रश्न त्याच्याही कितीतरी पुढचा. पण आशा विकायला एवढी बातमी पुरते. गेल्या दशकात मुंबई-पुण्यातल्या पालकांकडे एक प्रस्ताव येऊ लागला होता: मुलाचा दुधाचा दात पडतोय ना, तो आमच्याकडे द्या, त्यातल्या मूळपेशी (स्टेम सेल) आम्ही गोठवून ठेवू, उद्या मुलाला लागतील. त्यासाठी एकदाचे पैसे, शिवाय दरवर्षीचं भाडं.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. पडलेला दुधाचा दात फार मोलाचा आहे, यात वाद नाही. पण त्याचं खरं मोल खासगी लॉकरमध्ये नाही. ते सार्वजनिक संग्रहात आहे, आणि दात कसा घडतो याचं संशोधन भारतात पुढे न्यायचं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आधी दात कसा घडतो ते पाहू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. गर्भ सहा आठवड्यांचा असताना, म्हणजे आई होणार हे बाईला जेमतेम कळलेलं असताना, गर्भाच्या जबड्यावरचं पातळ आवरण ठरावीक रेषेवर जाड होऊ लागतं. त्या पट्टीवर कळ्या धरतात. प्रत्येक कळी खालच्या मऊ ऊतीत शिरते, टोपीचा आणि मग घंटेचा आकार घेते. वरचा थर एनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच तयार करतो, खालचा थर त्याखालचं डेंटिन आणि आतला मऊ, जिवंत पल्प. चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला दुधाच्या दातांवर खनिज चढू लागतं. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्या वीस दातांचे माथे जवळजवळ पूर्ण झालेले असतात, मग ते हिरडीबाहेर आलेले असोत वा नसोत. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षी तोंडात दिसते, पण तिचं काम जन्माच्या आसपासच सुरू झालेलं असतं. वरचे पुढचे कायमचे दात बाळ तीन-चार महिन्यांचं असताना घडू लागतात आणि त्यांचा माथा चार-पाच वर्षांपर्यंत पुरा होतो.

एनॅमल घडवणाऱ्या पेशी हे काम रोज थोडं थोडं करतात. दिवसाला सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका थर. दाताचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर या रोजच्या कामाच्या खुणा दिसतात, आणि दर सात-आठ-नऊ दिवसांनी येणारी एक ठळक रेषाही दिसते. झाडाच्या खोडातली वलयं वर्षाची असतात, दाताची दिवसाची. दुधाच्या दातात एक रेषा इतरांहून वेगळी उठून दिसते. ती जन्माची. आईच्या पोटात बनलेलं एनॅमल तिच्या एका बाजूला आणि जन्मानंतरचं दुसऱ्या बाजूला. बाळ आजारी पडलं, उपासमार झाली, अंगात नको ते द्रव्य गेलं, तर त्या काळातल्या थरात त्याची नोंद राहते. दात बाहेर येईपर्यंत एनॅमलच्या पेशी मरून गेलेल्या असतात. त्यामुळे ही नोंद नंतर कुणी दुरुस्त करत नाही. हाड आयुष्यभर झिजतं आणि पुन्हा भरतं, एनॅमलचं तसं होत नाही.

ही समज यायला चारशे वर्षं लागली. 1563मध्ये बार्तोलोमेओ एउस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने गर्भांची विच्छेदनं करून दुधाचे आणि कायमचे दात वेगवेगळ्या अंकुरांतून येतात असं लिहिलं. तोवरची समजूत अशी की दुधाच्या दाताच्याच मुळातून कायमचा दात फुटतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर यांनी माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून तो तिथे धरतो का ते पाहिलं. हंटर मोठे निरीक्षक होते, पण त्यांच्याच पुढाकाराने एका घातक व्यवसायाला बळ मिळालं. श्रीमंतांच्या तोंडात बसवायला गरीब मुलांचे निरोगी दात पैसे देऊन उपटले जाऊ लागले. 1787मध्ये टॉमस रोलंडसन या व्यंगचित्रकाराने हा प्रकार चितारला: मधोमध धुराडी साफ करणारं पोर आणि त्याच्या दाताची वाट बघणारी श्रीमंत बाई. ते बसवलेले दात टिकत नसत आणि रोगही पसरवत. दातांच्या विज्ञानापुढे बाजार धावला की किंमत कुणी मोजायची, हे तेव्हाच दिसून गेलेलं आहे.

विसाव्या शतकात गाडी खऱ्या अर्थाने पुढे सरकली ती कुठल्याही उपचाराची घाई नसलेल्या प्रयोगशाळांत. 1936मध्ये केंब्रिजच्या शर्ली ग्लासस्टोन यांनी दाताचे अंकुर शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवून दाखवले. 1970च्या सुमाराला एडवर्ड कोलार आणि ग्रेस बेअर्ड यांनी उंदराच्या गर्भातल्या दाढेच्या अंकुराची आणि पटाशीच्या दाताच्या अंकुराची वरची आणि खालची ऊती एकमेकांत अदलाबदल करून पाहिली. दात कुठला होणार हे खालच्या ऊतीने ठरवलं: खाली दाढेची ऊती असेल तर वर पटाशीच्या दाताचं आवरण असूनही दाढच झाली. 1980च्या दशकात दिसून आलं की त्याच्याही आधी, अगदी पहिल्या पावलाला, हुकूम वरच्या आवरणाकडून सुटतो. दोन ऊतींमधला हा आळीपाळीचा संवाद नेमका कुठल्या रेणूंतून चालतो, हे 1990च्या दशकात हेलसिंकीत इर्मा थेस्लेफ आणि युक्का येर्नवाल यांच्या गटाने उलगडलं. दाताच्या अंकुरात पेशींची एक बारीक गाठ असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती पाहिली गेली होती, पण तिचं काम कुणाला कळलं नव्हतं. दाढेच्या उंचवट्यांची जागा ठरवणारं केंद्र तीच, हे तेव्हा उमगलं.

याच प्रवासातला एक किस्सा मला फार महत्त्वाचा वाटतो. 1980मध्ये कोलार आणि फिशर यांनी कोंबडीच्या गर्भाचं आवरण उंदराच्या ऊतीवर ठेवलं आणि एनॅमल असलेला दात मिळाल्याचं जाहीर केलं. पक्ष्यांचे दात कोट्यवधी वर्षांपूर्वी गेले, पण ते घडवण्याची क्षमता आत झोपलेली आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा निष्कर्ष कितीतरी पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे कोंबडीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा कळलं की एनॅमलची प्रथिनं बनवणारी जनुकं कोंबडीत एक तर नाहीत किंवा मोडलेली आहेत. त्या दातातलं एनॅमल बहुधा नजरचुकीने राहून गेलेल्या उंदराच्याच पेशींचं होतं. गंमत अशी की दात घडवण्याच्या अगदी पहिल्या पायऱ्या मात्र कोंबडीत खरोखर शिल्लक आहेत. 2006मध्ये एका उत्परिवर्तित कोंबडीच्या गर्भात मगरीच्या दातासारखे कोंब दिसले. म्हणजे अंदाज अर्धा खरा होता, पण कुठला अर्धा हे ठरायला पंचवीसेक वर्षं गेली. उत्तम प्रयोगशाळेतल्या, नावाजलेल्या नियतकालिकात छापलेल्या निष्कर्षाला इतकी वर्षं लागत असतील, तर जाहिरातीच्या पत्रकावरच्या वाक्याला किती वजन द्यायचं?

आता दुधाच्या दातातल्या मूळपेशी साठवणाऱ्या त्या खासगी बँकांकडे येऊ. त्यामागचं विज्ञान खोटं नाही. दाताच्या पल्पमध्ये मूळपेशी असतात हे 2000मध्ये आणि पडलेल्या दुधाच्या दातातही त्या जिवंत सापडतात हे 2003मध्ये प्रसिद्ध झालं. 2018मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी, पडून-धडपडून पुढच्या दाताचा पल्प मेलेल्या मुलांवर एक चाचणी केली. त्याच मुलाच्या दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून दुखावलेल्या दातात भरल्या आणि तिथे नवी ऊती तयार झाली. बँकांच्या बाजूने द्यायचा सगळ्यात भक्कम दाखला हाच. पण नीट पाहा. त्या पेशी मुलाच्या तोंडात तेव्हा असलेल्या दातातून घेतल्या होत्या. तीस वर्षं गोठवून ठेवलेल्या पेशींतून नवा दात उगवल्याचं एकही उदाहरण नाही. जपानच्या औषधाला तर साठवलेल्या पेशींची गरजच नाही. ते जबड्यातल्याच अंकुराची अडवणूक दूर करतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात पामेला येलिक यांचा गट डुकराच्या आणि माणसाच्या दाताच्या पेशी एकत्र करून छोट्या डुकरांच्या जबड्यात दातासारखी रचना वाढवतो आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात पेशींना एकमेकींशी बोलता येईल असा मऊ आधार शोधला जातो आहे. यातली कुठली वाट दवाखान्यापर्यंत पोहोचेल हे ठरलेलं नसताना पालकाने एकाच वाटेवर वर्षानुवर्षं भाडं का भरावं?

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017मध्ये मूळपेशींबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. नाळेतल्या रक्ताखेरीज इतर कुठल्याही जैविक सामग्रीच्या बँकेला परवानगी नाही, असं त्यांत म्हटलं आहे, आणि त्या यादीत दातही आहे. ही भूमिका योग्यच आहे. अडचण ही की आपण नाही म्हणून थांबलो. मग पडलेल्या दाताचं करायचं काय, याचं सार्वजनिक उत्तर आपण दिलंच नाही.

ते उत्तर जगात इतरत्र दिलं गेलेलं आहे. 1958च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात काही शास्त्रज्ञ आणि नागरिकांनी मिळून दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा उघड्यावर अणुचाचण्या होत होत्या. त्यांतून पडणारं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 गवतात, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडा-दातांत जात होतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. डॉ. लुईस रीस यांनी हे काम उभं केलं. शाळांतून, दवाखान्यांतून, ग्रंथालयांतून अर्ज वाटले गेले. मूल कधी जन्मलं, गरोदरपणी आई कुठे राहत होती, बाळ अंगावर पीत होतं की वरच्या दुधावर होतं, असे साधे प्रश्न. दात पाठवणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ अशा अर्थाचा बिल्ला मिळायचा. 1970पर्यंत सुमारे तीन लाख दात जमले. पहिले निष्कर्ष 1961मध्ये आले: पन्नासच्या दशकात मूल जितकं उशिरा जन्मलं, तितकं त्याच्या दातात स्ट्रॉन्शियम जास्त. 1963मध्ये उघड्यावरच्या अणुचाचण्या थांबवण्याचा करार झाला. त्यामागे राजकारणाची इतर कारणं होतीच, पण लोकांचं मन वळवण्यात या दातांचा वाटा मोठा होता. त्यातले सुमारे 85 हजार दात 2001मध्ये एका जुन्या कोठारात पाकिटांतून तसेच सापडले. ते देणारी मुलं आता म्हातारी झाली आहेत, आणि लहानपणी अंगात गेलेल्या धातूंचा उतारवयातल्या आरोग्याशी काय संबंध आहे हे हार्वर्डमधले संशोधक त्याच दातांवरून तपासत आहेत. गोळा करणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न नव्हता. संग्रह जपला म्हणून तो नंतर विचारता आला.

1979मध्ये बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनलगतच्या गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दात मागवले आणि त्यातलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं वरवर धडधाकट दिसत होती, पण बुद्धीच्या चाचण्यांत आणि वर्गातल्या एकाग्रतेत मागे पडत होती. शिशाच्या उद्योगाने त्यांच्यावर वर्षानुवर्षं चिखलफेक केली. शेवटी टिकलं ते दातांचं म्हणणं. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरतं, दातातलं जात नाही. आपल्याकडे शिसंविरहित पेट्रोल देशभर आलं ते 2000मध्ये. त्याआधी जन्मलेल्या मुंबई-पुण्याच्या पिढीच्या दातांचा असा संग्रह असता तर किती काही कळलं असतं! ती संधी गेली. नॉर्वेने मात्र आपल्या माता-बालक पाहणीला 2008पासून दुधाच्या दातांचा संग्रह जोडला.

आपल्या मातीत या कामाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला 1968पासून डेक्कन कॉलेजने केलेलं उत्खनन मराठी वाचकाला ठाऊक आहे. घराच्या जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली बाळं तिथे मोठ्या संख्येने सापडली. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि ऑरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाच यांनी त्या बाळांच्या दुधाच्या दातांवरचे एनॅमलचे दोष बारकाईने तपासले आणि पुढे पश्चिम भारतातल्या हयात मुलांच्या दातांशी त्यांची तुलनाही केली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाने पोटात असताना आणि जन्मल्यावर काय सोसलं, याचा माग आपण दातावरून काढू शकतो. आज मेळघाटात किंवा मराठवाड्यात जन्मणाऱ्या बाळाचा तसा माग आपण काढत नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत गेलात तर मुलांच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. पट्टे दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर एकाच उंचीवर असतात, कारण ते दात एकाच वेळी घडत होते. हा पानतंबाखूचा डाग नव्हे, घासून तो निघत नाही. पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड दात घडत असताना पोटात गेलं तर एनॅमलच्या पेशींचं काम बिघडतं आणि खनिज नीट भरत नाही. हे फक्त आठेक वर्षांपर्यंतच होऊ शकतं. त्यानंतर त्याच गावात राहायला आलेल्या माणसाच्या हाडांवर परिणाम होईल, दातांवर डाग पडणार नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या मुलांच्या तपकिरी दातांचं कारण फ्लोराइड आहे हे 1931मध्ये कळलं. मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातल्या रुग्णांवरचा अहवाल 1937चा आहे. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची पद्धत, जिला नलगोंडा तंत्र म्हणतात, ती 1970च्या दशकात नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेच बसवली. भारतीय मानक लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं असं सांगतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. सगळं माहीत आहे. तरीही दुष्काळात खोल बोअर मारायची, तिचं पाणी एकदा तपासायचं आणि विसरायचं, हे चालूच आहे. फ्लोराइड काढायचं यंत्र बसवलं जातं, पण रोज तुरटी कुणी घालायची, गाळ कुठे टाकायचा आणि यंत्र बंद पडलं तर कुणाला सांगायचं, याची व्यवस्था नसते.

अशा गावात बाळाने प्यायलेल्या पाण्याचा पुरावा त्या बाळाच्याच दातात आहे. पाण्याचा नमुना एका दिवसाचं सांगतो, दात अनेक महिन्यांचं सांगतो. गावोगावचे पडलेले दात नीट लेबल लावून ठेवले, तर कुठल्या हापशीच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांत काय उतरलं आणि नळाचं पाणी आल्यावर धाकट्या भावंडांच्या दातांत काय फरक पडला, हे दाखवता येईल. तक्रार अर्जापेक्षा हा पुरावा अधिक बोलका ठरेल.

कुणी विचारेल, जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य मिळायची मारामार, तिथे हे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण दात गोळा करायला अवाढव्य यंत्रणा लागत नाही. दात कागदी पाकिटात, कोरडा, साध्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो. मूळपेशींच्या बँकेला द्रव नायट्रोजन लागतो, या संग्रहाला कपाट लागतं. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013पासून शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतातच. दुसरी गोष्ट अशी की ज्यांच्या आरोग्याच्या नोंदी कुठेच नाहीत, त्यांना या संग्रहाचा सर्वाधिक उपयोग. शहरातल्या सुखवस्तू बाळाची फाइल असते. ऊसतोडणीला गेलेल्या आईच्या बाळाची नसते. त्याचे दात मात्र असतात.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं नोंदी ठेवण्याचं काम झालं, मूलभूत संशोधनाचं काय? इथे एक धागा आठवतो. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत डार्विन यांनी 1875मध्ये छापली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दुबळे दात होते, अंगावर केस फार थोडे, टक्कल लवकर पडे, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून त्यांचे फार हाल होत. मुलींमध्ये हा दोष दिसत नसे, पण मुलींच्या मुलांमध्ये तो उतरत असे. 1921मध्ये थडाणी यांनी याच प्रदेशातल्या बोळक्या पुरुषांवर शास्त्रीय टिपण लिहिलं. पाऊणशे वर्षांनी, 1996मध्ये, या दोषामागचं जनुक सापडलं. त्या जनुकाचं प्रथिन नसलं तर दात, केस आणि घामाच्या ग्रंथी तिन्हींचे अंकुर नीट धरत नाहीत. मग जर्मनीत एर्लांगेनला होल्म श्नायडर यांनी पुढचं पाऊल टाकलं. हा दोष असलेल्या जुळ्या मुलग्यांना ते पोटात असतानाच हे प्रथिन गर्भजलात टोचून दिलं. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार मुलांना नीट घाम येऊ लागला. सिंधच्या उन्हात होरपळणाऱ्या त्या माणसांना जे हवं होतं, ते त्यांच्यासारख्यांना मिळण्याची शक्यता अशी तयार झाली.

निरीक्षण इथलं होतं, आणि पुढची सगळी पावलं बाहेर पडली. याला बुद्धी कमी पडली असं मी मानत नाही, चिकाटीची संस्था कमी पडली. देशात तीनशेहून जास्त दंतमहाविद्यालयं आहेत, महाराष्ट्रात डझनावारी. तिथले विद्यार्थी कळी, टोपी आणि घंटेची आकृती काढून पास होतात. त्या आकृतीत पुढे काही भर घालण्याची संधी त्यांच्यातल्या फार थोड्यांना मिळते. पदव्युत्तर प्रबंध दीड-दोन वर्षांत उरकायचा असतो, म्हणून विषयही तेवढ्यात उरकणारे निवडले जातात. दाताच्या घडणीचं संशोधन तसं होत नाही. आज गरोदर असलेल्या बाईच्या बाळाचा दात हातात यायला सहा-सात वर्षं जावी लागतात.

खडूसारख्या ठिसूळ पहिल्या दाढांचंच उदाहरण घ्या. सहाव्या वर्षी येणारी दाढ येतानाच पिवळसर, मऊ, थंड लागताच ठणकणारी, आणि बरोबर पुढच्या दातांवर डाग. या दोषाला स्वतंत्र नाव मिळालं ते 2001मध्ये. जगभरात सात-आठ मुलांमागे साधारण एकाला तो असतो. कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. लहानपणीचे आजार, ताप, औषधं, जनुकं, सगळ्यांवर संशय आहे. ज्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात, जिथे आजारपणाचे आणि आहाराचे इतके प्रकार शेजारी शेजारी नांदतात, तिथे हा प्रश्न सोडवण्याची संधी इतर कुणाहीपेक्षा जास्त आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली 1993मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. भारतीय बाळ वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त, ही जगाने उचललेली गोष्ट त्या खेड्यांतून पुढे आली. म्हणजे चिकाटीचं काम इथे होतं. अशा नव्या प्रत्येक अभ्यासाला दुधाच्या दातांचं पाकीट जोडणं अगदी शक्य आहे.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हे काम अंगावर घ्यावं असं मला वाटतं. सुरुवात एका जिल्ह्यात करावी, शक्यतो यवतमाळमध्ये, कारण तिथे प्रश्नही आहे आणि नीरीही लांब नाही. शासकीय दंतमहाविद्यालयाकडे संग्रह असावा आणि तो कुठल्याही कंपनीला विकता येणार नाही हे पहिल्या दिवशीच लेखी ठरावं. संमती आईबापांची घ्यावी, मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याला स्वतःला पुन्हा विचारावं आणि नको म्हटलं तर पाकीट परत द्यावं. जनुकांची तपासणी करायची तर तिची परवानगी वेगळी. निष्कर्ष आधी गावाला, मराठीत, ग्रामसभेत सांगावेत, नियतकालिकात नंतर. अर्ज एका पानाचा असावा: जन्मतारीख, गरोदरपणात आई कुठे कुठे राहिली, कामासाठी स्थलांतर झालं का, बाळाला पहिल्या वर्षात मोठं आजारपण आलं का, आणि पिण्याचं पाणी कुठलं. या शेवटच्या रकान्यात नुसतं ‘बोअर’ लिहून चालणार नाही. कुणाच्या वावरातली, कधी मारलेली आणि किती फूट खोल, तेही लिहायला हवं.